देणे, सोडणे, क्षमा करणे

जर्मन भाषेत ‘फेरगेबेन’ हे एक नित्य वापरातले क्रियापद आहे. शब्दकोशात ते शोधले की पहिला अर्थ मिळतो : क्षमा करणे. त्याखाली दुसरा : एखादे पद, पारितोषिक किंवा कामाचे कंत्राट कोणास तरी देणे. तिसरा : खेळताना पत्त्यांची वाटणी चुकणे. चौथा : हाती आलेली संधी दवडणे. पाचवा : स्वतःच्या मानाला उणेपणा आणणे. कोश मोठा आणि जुना असेल, तर एक सहावा अर्थही तेथे आढळतो : विष देऊन मारणे. शिवाय एखाद्या तरुणाविषयी ‘तो फेरगेबेन आहे’ असे कोणी म्हटले, तर त्याचे मन आधीच कोठे तरी गुंतले आहे, असे समजावयाचे असते.

क्षमा आणि विष, पारितोषिक आणि चूक ही मंडळी एकाच शब्दाच्या छपराखाली कशी नांदतात, हा प्रश्न केवळ भाषापंडितांचा आहे असे कोणास वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु या शब्दाचा माग काढता काढता आम्ही रोजच्या प्रार्थनेपर्यंत आणि अखेरीस शेजारच्या ओसरीपर्यंत येऊन पोचलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातले, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचे गाव. जिजाऊंच्या जन्मस्थानामुळे तालुक्याचे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. बाकी सोयाबीन, कापूस, तूर आणि पावसाची वाट, हा येथील वर्षक्रम. आमचा जिल्हा १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो; पण गावात आपल्या पंथाची घरे बोटांवर मोजण्याइतकीच. अशा ठिकाणी जर्मन भाषा येण्याचे काही कारण नव्हते. ती आली आमच्या पुतणीमुळे. परिचारिकेचे शिक्षण घेतलेली ही मुलगी संभाजीनगरला राहून जर्मन शिकते आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून खेड्यापाड्यांतील मुलामुलींच्या तोंडी ही भाषा ऐकू येऊ लागली आहे. एके दिवशी तिने या क्रियापदाचे सगळे अर्थ एका कागदावर उतरवून आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, “काका, यातला एक अर्थ पाठ केला की दुसरा विसरते. यांचं एकमेकांशी नातं काय ते सांगा. नातं कळलं की माणसं लक्षात राहतात.”

तसे पाहिले तर जर्मन भाषा महाराष्ट्रातील कॅथलिकांना अगदीच परकी नाही. १८५४ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबई आणि पुणे येथील मिशनची धुरा प्रामुख्याने जर्मन भाषिक येशूसंघीयांनी वाहिली. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज त्यांनीच १८६९ साली सुरू केले. महायुद्ध पेटल्यावर इंग्रज सरकारने त्यांतील अनेकांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले आणि पुढे मायदेशी धाडले. या धर्मगुरूंनी आपल्या मायबोलीतील ‘आमच्या बापा’ म्हणताना हेच क्रियापद उच्चारले असणार. कोणत्या मनःस्थितीत उच्चारले असेल, याची कल्पना आपणच करावी.

आता शब्दाकडे वळू. ‘गेबेन’ म्हणजे देणे. ‘फेर’ हा उपसर्ग. पुतणीने आधी आपल्या परीने एक अर्थ लावून पाहिला होता : तलाठी कार्यालयात ‘फेरफार’ असतो, तसे हे ‘फेर-देणे’ असेल, म्हणजे पुन्हा देणे! आम्हांस हसू आले. पण तिची वाट अगदी चुकीची नव्हती. उपसर्ग लागला की धातूचा संसारच पालटतो, हे आपल्याकडील संस्कृत शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते. ‘हृ’ या एका धातूपासून प्रहार, आहार, विहार, संहार आणि परिहार हे पाच शब्द होतात. एकात घाव आहे, एकात घास आहे, एकात फेरफटका आहे, एकात नाश आहे आणि एकात निवारण आहे. धातू एक, पण उपसर्ग त्याला हाताला धरून निरनिराळ्या घरी नेतो.

जर्मन ‘फेर’ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. प्राचीन काळी हा एक उपसर्ग नव्हता. ते तीन होते. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला यांनी गॉथिक भाषेत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. त्या भाषेत हे तिघे अजून वेगवेगळे दिसतात : ‘फ्रा’, ‘फेर’ आणि ‘फौर’. त्यांचे दूरचे आप्त आपल्या संस्कृतात आहेत : ‘प्र’, ‘परि’ आणि ‘पुरः’. पुढे जर्मन भाषेत तिघांचे उच्चार झिजत झिजत एक झाले. तीन भावांचे सातबारे एकत्र होऊन एकाच नावावर चढावेत, तसा हा प्रकार झाला. म्हणून ‘फेर’ लागला की कधी कृती पुरती होते, कधी ती उलट फिरते, कधी चुकते, तर कधी वस्तू हातातून कायमची जाते. ‘काउफेन’ म्हणजे विकत घेणे, तर ‘फेरकाउफेन’ म्हणजे विकणे. ‘लाउफेन’ म्हणजे चालणे-धावणे, तर ‘फेरलाउफेन’ म्हणजे वाट चुकणे. ‘श्प्रेखेन’ म्हणजे बोलणे. ‘फेरश्प्रेखेन’ म्हणजे वचन देणे, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ बोलताना जीभ घसरणे! वचन आणि जिभेची घसरण यांत अंतर किती थोडे असते, हे भाषेने बरोबर हेरले आहे.

हे ध्यानात घेतले की ‘फेरगेबेन’चे सगळे अर्थ रांगेत उभे राहतात. देण्याची क्रिया पुरती झाली, वस्तू आपल्याकडे उरली नाही : हे पद किंवा पारितोषिक देणे. देण्यात चूक झाली : ही पत्त्यांची वाटणी. देऊ नये ते देऊन बसलो : ही दवडलेली संधी आणि गमावलेला मान. विषाचा अर्थ तेवढा विचित्र वाटतो; पण त्यामागे एक करुण इतिहास आहे. ‘गेबेन’ या धातूपासूनच जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ हा शब्द झाला. इंग्रजीत त्याचा अर्थ भेट. जर्मनमध्येही मूळचा अर्थ ‘दिलेले’ असाच होता. परंतु ग्रीक भाषेत ‘डोसिस’ म्हणजे ‘देणे’ या शब्दाला औषधाची मात्रा हा अर्थ आला होता. त्या वळणावर, आणि भयंकर गोष्टीचे नाव थेट घेऊ नये म्हणून, जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष झाले. भेटीचा अर्थ जवळजवळ पुसला गेला. तो उरला आहे एका जोडशब्दात : ‘मिटगिफ्ट’, म्हणजे मुलीबरोबर दिलेला हुंडा. पुतणीला हे सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे त्यांच्या भाषेत हुंड्याच्या आत विष आहे?” व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते उलट आहे, विषाच्या आत देणे आहे. पण तिने जे ऐकले तेही आम्हांस खोडावेसे वाटले नाही.

याच क्रियापदाचे आणखी एक लेकरू आहे : ‘फेरगेबेन्स’. त्याचा आजचा अर्थ व्यर्थ, निष्फळ. पूर्वी त्याचा अर्थ होता मोबदला न घेता दिलेले. आपल्या मराठीत ‘फुकट’ या शब्दाचे हेच झाले आहे. फुकट मिळाले म्हणजे पैसे पडले नाहीत. फुकट गेले म्हणजे वाया गेले. ज्याचे मोल घेतले नाही ते वाया गेले, असे मानणे हा माणसाचा स्वभाव आहे, आणि दोन दूरच्या भाषांनी त्याची नोंद एकाच रीतीने करून ठेवली आहे.

आता मुख्य अर्थाकडे येऊ. ‘देणे’ या क्रियेतून ‘क्षमा करणे’ हा अर्थ कसा आला?

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत क्षमेसाठी मुख्यतः दोन क्रियापदे येतात. पहिले ‘आफिएमी’. तेही उपसर्ग लागलेले आहे. त्याचा उपसर्ग आपल्या ‘अप’चा भाऊबंद. अर्थ : दूर जाऊ देणे, सोडणे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत हेच क्रियापद आहे. दुसरे ‘खारिझोमाय’. ते ‘खारिस’, म्हणजे कृपा, या शब्दापासून झाले आहे. अर्थ : कृपा म्हणून देणे. संत पौल कलस्सै आणि इफिस येथील मंडळींना एकमेकांस क्षमा करण्यास सांगतो, तेथे हा शब्द आहे. पहिल्यात मूठ उघडते आणि आतले निसटून जाते. दुसऱ्यात उघडी मूठ दुसऱ्यापुढे धरली जाते.

वुल्फिला यांनी हा भेद नेमका ओळखला. प्रभूच्या प्रार्थनेत त्यांनी ‘आफलेतान’, म्हणजे सोडणे, हा शब्द योजला आणि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ‘फ्रागिबान’, म्हणजेच आपल्या ‘फेरगेबेन’चा पूर्वज. आठव्या-नवव्या शतकातील जुन्या जर्मन प्रार्थनांतही सोडण्याचेच शब्द आहेत. त्या घराण्यातला ‘आब्लास’ हा शब्द पुढे पापाच्या शिक्षेतील सवलतीला, म्हणजे इंडल्जन्सला, चिकटला आणि १५१७ च्या वादळात केवढा गाजला, हे इतिहास जाणणाऱ्यांस ठाऊक आहेच. १५२२ साली ल्यूथर यांचा नवा करार प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील प्रभूच्या प्रार्थनेत ‘फेरगेबेन’ होते. आज जर्मनीतील कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही याच क्रियापदाने ती प्रार्थना म्हणतात. ज्या शब्दांवरून भांडण झाले ते मागे पडले आणि दोघांनी मिळून क्षमा मागण्याचा शब्द एक राहिला, ही गोष्ट लहान नाही.

दक्षिणेकडे, लॅटिनच्या लेकींतही तेच घडले. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘पेर’ आणि ‘दोनारे’ मिळून ‘पेरदोनारे’ झाले : पुरते देऊन टाकणे. त्यातून फ्रेंचमधला, पोर्तुगीजमधला आणि इंग्रजीतला ‘पार्डन’चा सारा परिवार उतरला. १७३९ पूर्वी वसईच्या देवळांत पोर्तुगीज पाद्री जो ‘पेरदांव’ उच्चारत, तो हाच. गंमत अशी की ‘पेर’ म्हणजे आपला ‘परि’ आणि ‘दोन’ म्हणजे आपले ‘दान’. अवयव जुळवले तर शब्द होतो ‘परिदान’. संस्कृतात तो आहेही; अर्थ आहे दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, सोपवणे. उपनयनात आचार्य शिष्याला देवतांच्या स्वाधीन करतात, तेथे हेच क्रियापद येते.

फारसीतही तीच कथा. ‘बख्शीदन’ म्हणजे देणे आणि क्षमा करणे, दोन्ही. मराठीने त्यातून ‘बक्षीस’ घेतले, कज्जेदलालीच्या भाषेने ‘बक्षीसपत्र’ घेतले, आणि हिंदी चित्रपटांतील गुन्हेगार न्यायाधीशापुढे हात जोडून जे ‘बख्श दो’ म्हणतो, तो उरलेला वाटा.

आपला ‘क्षमा’ हा शब्द मात्र या दोन्ही घराण्यांतला नाही. ‘क्षम्’ म्हणजे सोसणे, सहन करणे. क्षमा हे पृथ्वीचेही नाव आहे, कारण ती नांगराचा फाळ सोसते. शब्द उदात्त आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. पण सोसणारा मूठ उघडतोच असे नाही. पुष्कळदा तो ती आवळून बसतो. आपल्या समाजात ‘क्षमा’ या नावाखाली सोसण्याचा वाटा बहुधा बायकांच्या पदरी बांधला गेला, तो या शब्दाच्या आडोशाने, असे आम्हांस वाटते.

म्हणून आम्ही बोलीकडे वळलो. आपली माणसे भांडण मिटवताना काय म्हणतात? ‘जाऊ दे.’ ‘सोडून दे.’ ‘देऊन टाक.’ मराठीत क्रियापदाच्या आधी उपसर्ग लावण्याची चाल विरळ; ती क्रियापदाच्या मागे दुसरे क्रियापद जोडते. जर्मन माणूस जे काम ‘फेर’कडून करून घेतो ते आपण ‘टाकणे’ आणि ‘देणे’ यांच्याकडून करून घेतो. ‘देऊन टाक’ यातील ‘टाक’ सांगते की क्रिया पुरती झाली, आता मागे वळून पाहू नको. ‘सोडून दे’ यात तर ग्रीकांची दोन्ही क्रियापदे एकत्र आली आहेत : सोडणे आहे आणि देणेही आहे. कोणत्याही व्याकरणकाराने ठरवून केले नसेल इतके हे नेमके आहे. आणि हे शब्द शेतात, पाणवठ्यावर, एसटीच्या गर्दीत रोज उच्चारले जातात.

परंतु सोडायचे काय आणि द्यायचे काय? येथे प्रार्थनेतला दुसरा शब्द मदतीला येतो. कॅथलिक घरांत आपण ‘अपराध’ म्हणतो. प्रोटेस्टंट बांधवांच्या मराठी शास्त्रात संत मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ‘ऋण’ आहे आणि ते ‘सोडण्याची’ विनंती आहे. मूळ ग्रीकातही तेथे ऋणच आहे. प्रभू ज्या अरामी भाषेत बोलत असत, तिच्यात ‘होबा’ या एकाच शब्दाचे कर्ज आणि पाप असे दोन्ही अर्थ होते. जर्मन ‘शुल्ट’ही तसाच : कर्ज म्हणजे शुल्ट, आणि अपराध म्हणजेही शुल्टच.

ऋण म्हटले की विदर्भाच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. २००८ साली केंद्र सरकारची कर्जमाफी झाली. २०१७ साली राज्य सरकारने दुसरी जाहीर केली. २०१९ च्या योजनेच्या नावात तर ‘कर्जमुक्ती’ हा शब्द होता. या तिन्हींचे गुणदोष आपल्याकडे चावडीवर पुष्कळ चर्चिले गेले आहेत. आम्हांस येथे एवढेच सांगावयाचे आहे की, कर्ज माफ झाले म्हणजे ते हवेत विरले नाही. शेतकऱ्याच्या खात्यावरून उतरलेली रक्कम सरकारी तिजोरीतून बँकेला द्यावी लागली. कोणी तरी भरल्याशिवाय कर्ज फिटत नाही. माणसामाणसांतही असेच आहे. ज्याने क्षमा केली त्याच्या घरातून काही तरी जाते. संत मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील राजाने दहा हजार तालंत सोडले, ते कोणाचे गेले? राजाचे गेले. त्या चाकराने सोबत्याचे शंभर दीनार सोडले नाहीत. एक दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा तीही रक्कम अगदीच किरकोळ नव्हती. प्रभूने क्षमा स्वस्त आहे असे कोठेही म्हटलेले नाही. क्रूसाकडे पाहणाऱ्यास ते निराळे सांगावे लागत नाही.

इतके सारे पुस्तकांतून जमले. पण त्याची कसोटी लागली ती आमच्या शेजारी. आमच्या घराला लागून एक वृद्ध आजी राहतात. त्या आपल्या धर्माच्या नाहीत. वारकरी घराण्यातल्या आहेत. चाळीसएक वर्षांपूर्वी वडील वारले तेव्हा त्यांनी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. आपल्याकडे हे नवे नाही. माहेरचा उंबरा उघडा राहावा, भाऊबीजेला बोलावणे यावे, यासाठी बहिणी आपला वाटा सोडतात आणि त्याला ‘सोडणे’ असे गोंडस नावही असते. भावाने तेव्हा शब्द दिला होता : दरवर्षी घरच्या तुरीतून तुझा वाटा येईल आणि तुझ्या लेकीचे लग्न मी करून देईन. दोन वर्षे तूर आली. मग थांबली. लेकीचे लग्न आजींनी मजुरी करून केले. पुढे आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, काही जणांच्या जमिनींना मोबदला मिळाला, त्यात या भावालाही मिळाला. बहिणीला साधी साडीचोळीही आली नाही.

दोन वर्षांपूर्वी भाऊ अंथरुणाला खिळला. निरोप न येताच आजी गेल्या. महिनाभर राहिल्या. त्याला भरवले, त्याचे कपडे धुतले, रात्री उशाशी बसल्या. त्याच महिन्यात भाच्यांनी एक कागद पुढे केला. वडिलांच्या नावचा आणखी एक लहान तुकडा होता. पहिल्या हक्कसोडीत तो राहून गेला होता आणि सातबाऱ्यावर आजींचे नाव वारस म्हणून अजून होते. सही केली की फेरफार पुरा होणार होता. आजींनी सही केली नाही. भाचे चिडले. जवळची माणसेही म्हणाली, एवढी सेवा करता, मग माफ केले नाही का?

त्या परत आल्यावर आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. आम्ही काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “गुरुजी, मी त्याले माफ केलं. तो काही बोलला नाई, तरी केलं. तुरीचं, लग्नाचं, सगळं सोडून देल्लं. ते माह्यं होतं, म्हणून देल्लं. पण हा तुकडा माह्या लेकीसाठी ठेवायचा आहे. तिचं देणारी मी कोण?”

थोड्या वेळाने त्या आणखी एक बोलल्या : “पयल्या बखताले मले काय सोडतो तेच ठावं नव्हतं. अंगठा घेतला, झालं. त्याले देणं म्हणत नाई.”

आम्ही आमच्या कोशांतून जे गोळा केले होते ते सारे या दोन बोलण्यांत होते. देणे म्हणजे आपले जे आहे ते जाणून, मोजून, स्वतःच्या हाताने देणे. काय जाते आहे हे ठाऊक नसताना जे हातून गेले ते क्षमेच्या खात्यात जमा होत नाही. ती फक्त लूट असते, मग तिच्यावर मायेचे कितीही रेशमी कापड घाला. आणि दुसऱ्याच्या हक्काचे आपण देऊ शकत नाही. कायद्यानेही हे आता मान्य केले आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, मुलीचाच असल्याचे स्पष्ट केले. आपण ख्रिस्ती लोक १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली येतो. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा-मुलगी हा भेदच नाही. तरीही हक्कसोडीचे कागद आपल्या घरांतही होतात, हे आपण सर्व जाणतो. मुलगी सही करताना हसते, म्हणून तिने दिले असे आपण धरून चालतो.

आता त्या कोशातील अर्थांकडे पुन्हा पाहावे. क्षमेविषयी आपल्या मनात ज्या शंका असतात, त्या सगळ्या तेथे ओळीने बसल्या आहेत. क्षमा केली तर माझा मान कमी होईल : पाचवा अर्थ. माझी हिशेब चुकता करण्याची संधी जाईल : चौथा. मी चुकीच्या माणसाला देऊन बसेन : तिसरा. सारे फुकट जाईल, तो सुधारणार नाही : ते ‘फेरगेबेन्स’. आणि क्षमेचे विषही होऊ शकते. ‘मी तुला माफ केले’ हे वाक्य चारचौघांत, वरून खाली पाहत उच्चारले, की समोरचा जन्मभर त्या उपकाराखाली कुजतो. दानाचे विष होण्यास फार काही लागत नाही, मात्रा चुकली की पुरे. भाषेने या शंका लपवून ठेवलेल्या नाहीत. तिने त्या क्षमेच्याच शेजारी मांडून ठेवल्या आणि तरीही पहिला मान क्षमेलाच दिला.

समेट संस्काराची तयारी करताना लहानपणापासून आपल्याला शिकवले जाते की प्रथम आपले पाप ओळखावे, त्याचे नाव घ्यावे, आणि मग क्षमा मागावी. मागणाऱ्यासाठी जो नियम, तोच देणाऱ्यासाठीही असावा, असे आम्हांस या वाटचालीत वाटू लागले आहे. माझे काय गेले, कोणी नेले, त्याचे मोल काय, हे आधी स्वतःशी स्पष्ट म्हणावे. ते न म्हणता घाईने ‘जाऊ दे’ म्हटले तर गेलेले काहीच नसते. ते आत कोठे तरी साचून राहते. म्हणून उपवासकाळात घरातील जुन्या भांडणांचा विषय निघाला आणि कोणी वडीलधारे माणूस ‘सोडून द्या आता’ म्हणाले, तर त्यांनी आधी ज्याचे गेले त्याला शांतपणे बोलू द्यावे. तो किती वेळ बोलतो हे घड्याळाकडे पाहून ठरवू नये.

पुतणीला आम्ही हे सारे पत्राने कळवले. तिच्या परीक्षेला याचा फारसा उपयोग झाला नसावा. तिचे उत्तर मात्र आले. पुढे कधी परदेशी इस्पितळात मरणासन्न रुग्णांच्या खाटेशी बसावे लागेल, तेव्हा हा शब्द आपल्याला पुष्कळदा ऐकावा लागेल, असे तिच्या शिक्षिकेने वर्गात सांगितले होते. रुग्ण तो कोणाला उद्देशून म्हणत असेल, हे परिचारिकेला कळेलच असे नाही. तेव्हा तिने फक्त त्याचा हात हातात धरून ठेवावयाचा असतो. आजींनी महिनाभर तेच केले होते.